कोंबडी पुन्हापुन्हा खुडूक बसते? सोलापूरच्या हवेत चालणारे उपाय

"मोडली होती की ओ खुडूक. आठ दिवस बरी फिरत होती, परत जाऊन बसलीय. उठायलीच नाही."

परसात चार-सहा कोंबड्या ठेवणाऱ्या सोलापूरकरांकडून संक्रांत सरल्यापासून पाऊस पडेपर्यंत हे ऐकायला मिळतं. जुळे सोलापुरातल्या बंगल्यामागचं खुराडं असो, कुंभारीच्या विडी घरकुलात दाराशी ठेवलेली लाकडी पेटी असो, की मोहोळकडच्या वस्तीवरचं डालगं, तक्रार तीच: कोंबडी खुडूक झाली, म्हणजे उबवणीला म्हणून ठाण मांडून बसली. अंडी बंद. टोपली अडवून बसलेली. हात पुढे केला की टोच. बाकीच्या कोंबड्यांना जागा मिळत नाही, म्हणून त्या जळणामागे नाहीतर कडब्याच्या गंजीत अंडी घालायला लागतात, आणि ती मुंगसाच्या वाट्याला जातात.

खुडूक एकदा मोडणं, म्हणजे तिची बसायची हुक्की घालवणं, फार अवघड नाही. ती परत बसते ही खरी कटकट. माझ्या पाहण्यात बहुतेक घरांत ती परत बसते, कारण तिला बसवायची की मोडायची हे कुणी ठरवतच नाही. "बसू दे दोन दिवस, उठेल आपोआप" म्हणत आठवडा जातो. मग कुणीतरी चिडून हाकलतं, पण टोपली तिथंच राहते. ती परत बसते, परत हाकलतात. ना पिल्लं मिळत ना अंडी, वर कोंबडी वाळत जाते. म्हणून लक्षात आलं त्याच संध्याकाळी निर्णय घ्या. एकतर रीतसर अंड्यांवर बसवा, नाहीतर लगेच मोडायला घ्या. मधला मार्ग सगळ्यात महाग पडतो.

खुडूकच आहे ना?

खुडूक कोंबडी टोपलीत अंग पसरून चपटी बसते. जवळ गेलं की पिसं फुलवते, घशातून खरखर काढते आणि टोचते. उचलून अंगणात ठेवली तर थोडा वेळ तशीच फुगून बसते, मग एकदम उठून खुडखुड करत फिरते, घाईघाईनं चार दाणे टिपते, पाणी पिते, मातीत लोळते आणि परत टोपली गाठते. पोटाखाली हात घातला तर पिसं झडलेली, कातडी उघडी आणि चांगली गरम लागते. दिवस जातील तसा तुरा फिका पडतो. दिवसातून एखाद-दोनदा उठते तेव्हा जे हगते ते भलं मोठं असतं आणि नाक धरायला लावतं. ते पाहून घाबरून औषध देऊ नका. टोपली घाण होऊ नये म्हणून तिनं धरून ठेवलेलं असतं, हगवण नसते ती.

शंका वाटली तर रात्री पारख करा. अंधार पडल्यावर तिला टोपलीतून उचलून बाकीच्यांबरोबर दांडीवर बसवा. सकाळी दार उघडल्यावर सगळ्या दाण्याकडे धावल्या आणि ही एकटी टोपलीकडे वळली, की समजा खुडूक.

तीन गोष्टींशी गल्लत होते. पहिली आणि सगळ्यात घातक, अंडं अडकलेली कोंबडी. तीही टोपलीत जाऊन बसते, पण शेपूट खाली पडलेलं असतं, मागच्या बाजूनं सारखा जोर लावते, डोळे मिटते, आणि हात लावला तर टोचायचं त्राण नसतं. ही वाट पाहायची वेळ नव्हे. कोमट पाण्यात तिचा मागचा भाग थोडा वेळ बुडवून धरा, शांत जागी ठेवा आणि त्याच दिवशी जनावरांच्या दवाखान्यात न्या. पोट दाबून अंडं बाहेर काढायच्या फंदात पडू नका. आत फुटलं तर कोंबडी हातची जाते. दुसरी गल्लत उन्हाची. एप्रिल-मेच्या दुपारी चोच उघडी टाकून, पंख अंगापासून लांब धरून गार कोपऱ्यात बसलेली कोंबडी खुडूक नसते, तिला ऊन लागलेलं असतं. तिसरी आजारपणाची. मरगळलेली कोंबडी कुठंही बसते, खरखर करत नाही. हिरवट पातळ हगवण, धाप किंवा मान वाकडी होणं दिसलं तर राणीखेत या साथीच्या रोगाची शंका धरून तिला आधी वेगळी करा.

तिला उठवत का नाही?

मेंदूखालच्या पिच्युटरी ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि अंडाशयाचं काम थांबतं. दिवस मोठा होत जाणं, उष्मा, अंधारी ऊबदार जागा आणि पोटाच्या उघड्या कातडीला लागणारा अंड्यांचा स्पर्श, या सगळ्यांनी प्रोलॅक्टिन वाढत जातं. ती जितकी बसते तितकं ते टिकतं, आणि जितकं टिकतं तितकी ती बसते. हे चक्र तोडायचं तर पोटाखालचा स्पर्श आणि ऊब काढून घ्यावी लागते. नुसतं हाकलून उपयोग होत नाही, कारण दहा मिनिटांनी ती परत त्याच उबेला येते.

टोपलीत अंडी नसली तरी ती बसते. दगडावर बसते, बटाट्यावर बसते, नुसत्या मोकळ्या जमिनीवरही बसते. कोंबडा नसलेल्या घरात तर अंडी फळलेलीच नसतात. २१ दिवस झाले तरी पिल्लू निघत नाही, त्यामुळे तिला उठायचं कारण मिळत नाही आणि ती त्यापुढेही बसून राहते. या काळात तिचं खाणं नेहमीच्या मानानं फार कमी असतं, म्हणून वजन उतरत जातं.

जातीचा भाग मोठा आहे. गावरान आणि असील या पक्क्या बसणाऱ्या. गावरान साधारण बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते, हा तिचा स्वभावच. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं तयार केलेल्या वनराजा आणि ग्रामप्रिया सहसा बसत नाहीत. व्हाइट लेगहॉर्नमधून तर हा गुण निवडीनं जवळजवळ काढूनच टाकलाय. झाबुआकडची कडकनाथ बसली तरी भरवशाची नसते, अर्ध्यातून उठून जाते. त्यामुळे कडकनाथ चार दिवस बसली म्हणून तिच्याखाली महागाची अंडी ठेवू नका.

बसवायची की मोडायची, हे महिना सांगतो

पुस्तकातला सल्ला इथं जसाच्या तसा चालत नाही तो या ठिकाणी.

अंड्यातला गर्भ वाढायला ३७.५ अंशांच्या आसपास तापमान लागतं. पण तो साधारण २१ ते २४ अंशांच्या वर गेला की अर्धवट जागा होतो आणि धडपणे न वाढता कमकुवत होत जातो. थंड हवेच्या गावात चार-पाच दिवस अंडी साठवून मग कोंबडीखाली ठेवली तर काही बिघडत नाही. सोलापुरात एप्रिलमध्ये पत्र्याच्या घरातली टोपली दुपारी ३५-३८ अंशांवर जाते. तिथं चार दिवस पडलेल्या अंड्यातला गर्भ कोंबडी बसायच्या आधीच अर्धा मेलेला असतो. त्यात कडक उन्हानं कोंबड्याचं बीज कमकुवत होतं आणि फळलेली अंडी कमी निघतात. हवेतला कोरडेपणा ही तिसरी अडचण. उबवणीच्या काळात अंड्याचं वजन वाफ होऊन साधारण १२ टक्क्यांनी उतरावं लागतं. आपल्याकडची मेमधली हवा त्याहून जास्त ओल ओढून घेते, मग शेवटच्या दिवशी पिल्लू पडद्याला चिकटून आतच मरतं. "बारा ठेवली, तीन निघाली" ही मेमधली ओरड यातूनच येते.

म्हणून माझा हिशेब साधा आहे. मार्चच्या मध्यापासून मृगापर्यंत खुडूक झालेली कोंबडी मोडायची. जून-जुलैत बसवायला हरकत नाही, पण खुराड्याची जमीन कोरडी राहणार असेल तरच. ओल्या जमिनीत पिल्लांना कॉक्सीची (आतड्यातल्या परजीवींच्या रोगाची) रक्ती हगवण लागते, आणि सोलापूरला सगळ्यात जास्त पाऊस बहुधा सप्टेंबरातच होतो, हे लक्षात ठेवा. ऑक्टोबर ते जानेवारी सगळ्यात बिनघोर. जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरते त्या सुमारास बसवलेल्या कोंबडीच्या पिल्लांना ऊन तापायच्या आत अंगभर पिसं येतात. फेब्रुवारीत बसवली तरी जमतं, फक्त महिना संपायच्या आत उरका.

अडचण एवढीच की तिला बसायची हुक्की नेमकी फेब्रुवारीनंतर येते. आपण मोडायच्या मोसमात ती बसते, म्हणून मोडायची रीत नीट यायला हवी.

मोडायची रीत

मंडईत टोमॅटोला वापरतात तो प्लास्टिकचा कॅरेट घ्या. तळ, बाजू सगळीकडे मोठी भोकं असलेला. चार विटांवर तो ठेवा, म्हणजे खालून हवा खेळेल. वर दुसरा कॅरेट पालथा घालून सुतळीनं बांधा. कोंबडीला उभं राहता आलं पाहिजे, मान मुडपून बसावं लागता कामा नये. वेल्डमेश जाळीचा तळ असलेला पिंजरा घरात असेल तर अधिक चांगलं. तळाला गवत, पोतं, भुसा, कागद काहीही घालायचं नाही. तळ जितका उघडा, जितका हवेशीर, तितकं काम लवकर. आत एका बाजूला पाण्याचा डबा, एका बाजूला दाणा, दोन्ही काठाला तारेनं बांधलेले, नाहीतर ती उपडे करते.

पिंजरा उजेडात ठेवा. बाकीच्या कोंबड्या दिसतील अशा जागी ठेवलात तर उत्तम. डालग्याखाली झाकून ठेवायची जुनी सवय इथं उलटी पडते. अंधार, ऊब आणि शांतता, तिला हवं ते सगळं आपणच आणून देतो.

उपाशी ठेवू नका. आधीच वाळलेली असते, त्यात उपासानं ती आजारी पडते आणि अंडी आणखी लांबतात. भरपूर दाणा, भरपूर पाणी. सजा खाण्याची नाही, उबेची आहे.

दोन दिवसांच्या आत ध्यानात येऊन पिंजऱ्यात घातलेली कोंबडी साधारण तीन दिवसांत मोडते. आठ-दहा दिवस बसू दिलेलीला पाच ते सात दिवस लागू शकतात. तीन दिवसांनी सकाळी सोडून बघा. पिसं अंगाला बसलेली, खुडखुड बंद, बाकीच्यांबरोबर माती उकरत फिरली, तर झालं. थेट टोपलीकडे धावली किंवा पिसं फुलवून फिरली, तर परत दोन दिवस आत. "बिचारी" म्हणून इथं हात ढिला सोडला की पुढचा महिना तेच करत बसावं लागतं.

सोडल्यावर पहिला आठवडा अंडी घालायची जागा दुपारनंतर बंद ठेवा. बहुतेक कोंबड्या दुपारी एक-दोनपर्यंत अंडं घालतात. त्यानंतर टोपली उचलून ठेवली किंवा पेटीच्या तोंडाला फळी लावली की बसायला जागाच उरत नाही. संध्याकाळी दार बंद करताना ती दांडीवर आहे ना ते बघा.

उन्हाळ्यात हीच रीत कशी बदलते

वरच्या रीतीचा सगळा जोर पोटाखालून गार हवा जाण्यावर आहे. बाहेरच ४२ अंश असतील तर जाळीखालून येणारी हवा पोट गार करत नाही. म्हणून एप्रिल-मेमध्ये जास्त दिवस धरून चाला, आणि खरा उपयोग रात्रीचा होतो हे लक्षात ठेवा. सूर्य मावळल्यावर पिंजरा पत्र्याखालून काढून ओसरीवर किंवा मोकळ्या हवेत आणा, फक्त मांजर-कुत्र्याचा बंदोबस्त करून. पहाटेची हवा तेवढी तिच्या पोटाला लागते.

दिवसा पिंजरा कडुनिंबाच्या नाहीतर दाट सावलीतच हवा, आणि दुपारी सावली सरकते हे विसरू नका. सकाळी सावलीत ठेवलेला पिंजरा अडीच वाजता उन्हात येतो, आणि बंद कोंबडीला पळून जायला जागा नसते. ३० अंशांच्या पुढे कोंबडी धापा टाकायला लागते, चाळिशीच्या पुढे बंद जागेत ती मरूही शकते. दुपारी बारा ते चार पिंजऱ्याच्या एका बाजूला ओलं गोणपाट टांगा. पाण्याचा डबा दोनदा बदला. पाण्यात चिमूटभर मीठ आणि गुळाचा खडा टाकला तर चालतो, पण ते पाणी संध्याकाळी फेकून द्या, आंबतं. धाप फार वाढली तर मोडणं सोडा, तिला मोकळी करा. अंडी पुढच्या महिन्यात मिळतील.

गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवायची युक्ती बरेच जण करतात. सौम्य खुडुकीत ती कामाला येते. पक्की बसलेली कोंबडी मात्र बाटलीच्या बाजूला सरकून बसते, आणि बाटली विरघळली की तिच्यावरच चढून बसते.

ऐकीव उपायांबद्दल

पाण्यात बुडवणं. पाण्याची ओढ असलेल्या शहरात हा उपाय सुचतो कसा, हेच मला कळत नाही. पोट भिजवल्यानं थोडा वेळ ऊब जाते हे खरं, पण आपल्या कोरड्या हवेत पिसं अर्ध्या तासात वाळतात आणि ती परत टोपलीत. दिवसातून चार-चारदा बुडवणारे लोक आहेत. कोंबडी धास्तावते, माणूस दमतो. थंडीच्या रात्री तर हे करूच नये, गारठून आजारी पडते.

नाकात पीस खुपसणं. नाकपुडीतून आरपार पीस घालून सोडतात, ते झटकायच्या नादात ती बसत नाही, असा समज. नाकाला जखम होते, पू होतो, श्वासाचा आजार लागतो. मोडते ती वेदनेनं आणि उपासानं. याची काही गरज नाही.

पाय बांधून उन्हात ठेवणं. उन्हाळ्यात हा सरळ मारायचा उपाय आहे.

माणसांची औषधं. प्रोलॅक्टिन कमी करणाऱ्या गोळ्या मेडिकलमधून आणून कोंबडीला चारणारे आता भेटायला लागलेत. किती द्यायची, अंड्यात किती उतरते, ती अंडी घरातल्या मुलांनी खायची का, याचं उत्तर देणाऱ्याकडे नसतं. पिंजरा फुकटात तेच काम करतो.

तरीही परत परत बसते?

इथं आधी अंडी बघा. एका टोपलीत पाच-सहा अंडी साचू दिली की बसायची हुक्की येतेच. दिवसातून दोनदा, उन्हाळ्यात तीनदा अंडी उचला. "अंडं बघून अंडं घालते" म्हणून एक अंडं टोपलीत ठेवायची पद्धत तलंगांना (पहिल्यांदाच अंड्यावर येणाऱ्या कोंबड्यांना) जागा शिकवायला ठीक आहे, पण खुडूक होणारीच्या टोपलीत ते ठेवू नका.

मग जागा. जिन्याखालची अंधारी पोकळी, जुनी ट्रंक, पोत्याच्या थप्पीमागची फट, अशा जागा तिला हव्याच असतात. टोपली थोडी उजेडात आणा, मऊ भुशाचा जाड थर कमी करा. खुराड्यात टोपली बंद केली तरी ती गायब होत असेल तर बाहेर कुठंतरी गुपचूप अंडी साठवलेली असतात. सकाळी उशिरा सोडा आणि लांबून लक्ष ठेवा. कडब्याची गंज, जळणाची मोळी, टाकीमागची जागा, तिथंच सापडेल. हात घालण्याआधी काठीनं चाचपा. उंदीर अंड्यांना येतात, आणि उंदरांमागे साप येतो.

एक बसली की दुसरी बसते, हेही खरं आहे. दोघींना एकाच पिंजऱ्यात घालू नका, एकमेकींच्या उबेला बसतात.

आणि काही कोंबड्या जातीनंच तशा. वर्षभर दर अंड्यांच्या खेपेनंतर बसणारी गावरान कोंबडी दर वेळी मोडत राहणं म्हणजे स्वभावाशी भांडणं. घराला अंडीच हवी असतील तर ग्रामप्रियासारख्या दोन-तीन आणा, आणि पुढची पिल्लं काढताना कमी बसणारीची अंडी निवडा, हळूहळू फरक पडतो. पण म्हणून पक्की बसणारी कोंबडी कापू नका किंवा मंगळवार बाजारात विकू नका. शांत, अंडी न फोडणारी, पिल्लांवर जीव लावणारी खुडूक कोंबडी म्हणजे वीज न लागणारं उबवणी यंत्र. वस्तीवर अशा कोंबडीखाली शेजाऱ्याची अंडी ठेवून पिल्लं अर्धलीनं वाटून घेतात. शहरातही हे सहज करता येतं, तुमच्याकडे कोंबडा नसेल तर विशेषच.

बसवायचीच असेल तर

बाजारात "गावरान" म्हणून मिळणाऱ्या तपकिरी अंड्यांवर बसवू नका. त्यातली पुष्कळशी पिंजऱ्यातल्या लेयर कोंबड्यांची, न फळलेली असतात. ज्याच्या कळपात कोंबडा फिरतो अशा ओळखीच्या माणसाकडून, आठवड्याच्या आतली, न धुतलेली अंडी आणा. गावरान कोंबडीखाली दहा-बारा पुरेत. हाव करून सोळा ठेवली तर कडेची गार पडतात, मग ती आत येतात आणि दुसरी कडेला जातात. शेवटी सगळीच बिघडतात.

बसवायच्या आधी तिला पिसवा-उवा आहेत का ते पंखाखाली आणि मागच्या बाजूला बघा. चुलीची राख आणि कोरडी माती घालून लोळायला जागा करून द्या. उवांनी बेजार कोंबडी पंधराव्या दिवशी अंडी सोडून उठते. विडी वळणाऱ्या काही घरांत टोपलीत तंबाखूची भुकटी टाकतात. किडे मरतात, पण निकोटिन पिल्लांनाही विषारीच. कडुनिंबाचा वाळलेला पाला टाका, तंबाखू नको.

तिला रात्री नव्या जागी हलवा. दिवसा हलवली तर जुन्या जागी पळते. अंड्यांवर कोळशानं खूण करा, म्हणजे दुसरी कुणी त्यात ताजं अंडं घालून गेली तर ओळखता येईल आणि रोज काढता येईल. सातव्या रात्री मोबाइलच्या टॉर्चवर अंडं धरून बघा. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर फळलेलं, नुसता पिवळसर उजेड आरपार आला तर काढून टाका. दिवसातून एकदा ती उठली पाहिजे. न उठणाऱ्या हट्टी कोंबडीला हातानं उचलून दाण्यापाशी ठेवा, पंखात अंडं अडकलेलं नाही ना ते बघून. अठराव्या दिवसापासून अंडी हलवू नका. हवा कोरडी असेल तर टोपलीभोवतीच्या मातीवर पाणी शिंपडा, अंड्यांवर नको.

अंडी न फळल्याचं उशिरा कळलं, किंवा तुम्हाला ग्रामप्रियाची पिल्लं वाढवायची आहेत पण बल्बखाली सांभाळायचा व्याप नको, तर एक वाट आहे. दोन आठवडे तरी पक्की बसलेली कोंबडी निवडा. एक-दोन दिवसांची पिल्लं आणून रात्री अंधारात एकेक करून तिच्या पोटाखाली सरकवा आणि तेवढीच अंडी काढून घ्या. सकाळी उजाडायच्या आधी उठून बघा. पिल्लांना अंगाखाली घेऊन कुईकुई करत असेल तर स्वीकारली. टोचत असेल तर लगेच काढा. नुकतीच बसलेली कोंबडी बहुधा स्वीकारत नाही.

मोडल्यावर अंडी कधी?

वेळेत मोडलेली कोंबडी साधारण एक ते तीन आठवड्यांत परत अंड्यावर येते. तोवर नुसत्या ज्वारीवर ठेवू नका. वाळलेल्या अंगाला प्रथिनं लागतात. लेयरचं खाद्य द्या, नाहीतर ज्वारीच्या भरड्यात सोयाबीनची पेंड मिसळा. शेंगदाण्याची पेंड सोलापुरात सहज मिळते, पण बुरशीचा वास येणारी पेंड कोंबडीला विष आहे. शिंपल्याचा चुरा किंवा भाजून कुटलेली अंड्याची टरफलं वेगळ्या वाटीत ठेवा, तिला हवं तेवढं ती खाते.

तुरा परत लाल व्हायला लागला की अंडं जवळ आलं समजा. पहिलं एखादं अंडं लहान किंवा मऊ कवचाचं निघतं, त्याची चिंता नको. पण तीन आठवडे उलटूनही तुरा फिकाच राहिला, तर पंखाखाली उवा शोधा, पिसं झडायचा काळ आहे का ते पाहा, आणि दोन्ही नसेल तर जवळच्या जनावरांच्या दवाखान्यात तिची विष्ठा तपासून घ्या. बऱ्याचदा पोटातले जंतच निघतात.